ब्लॅक होलची टक्कर आपल्या लॅपटॉपवर

१४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगो या वेधशाळेच्या दोन डिटेक्टरनी पहिल्यांदा गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशालाच ताणत-आकसत जाणारी लहर, पकडली हे बऱ्याच जणांनी वाचलं असेल, सूर्याच्या साधारण ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली आणि त्याची लहर शंभर कोटींहून जास्त वर्षं प्रवास करून आपल्यापर्यंत आली वगैरे. पण मला त्यातली सगळ्यात भारी गोष्ट वेगळीच वाटते. ११ फेब्रुवारी २०१६ ला घोषणा झाली आणि सोबत त्या लहरीचा डेटा सगळ्या जगासाठी खुला केला, वर पायथॉनमधला प्रोग्रामही दिला, कुठल्या ओळीत काय चाललंय ते समजावून सांगणारा.

तो मी माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालवलाय. उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टिम, पायथॉन, आणि त्यात आकडेमोड करायला, आलेख काढायला नमपाय, सायपाय, मॅटप्लॉटलिब, सगळं खुलं सॉफ्टवेअर, एक रुपया खर्च नाही. ३२ सेकंदांचा डेटा, सेकंदाला ४०९६ आकडे, म्हणजे एकूण १,३१,०७२ आकडे. फाइल केवढी, तर फोनमधल्या एखाद्या फोटोएवढी!

नुसता प्लॉट केला तर लहर कुठेच दिसत नाही, वेडीवाकडी रेघ फक्त. कारण लहरीमुळे डिटेक्टरच्या ४ किलोमीटरच्या भुजेची लांबी बदलते ती प्रोटॉनच्या आकारापेक्षाही कितीतरी कमी, आणि जमिनीची हालचाल, आरसे टांगलेल्या काचेच्या धाग्यांची थरथर, विजेच्या लाइनची ६० हर्ट्झची गुणगुण हे सगळं त्याच्यापुढे प्रचंड मोठं. मग प्रोग्राम आधी कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती गोंगाट आहे ते मोजतो आणि जिथे जास्त तिथे तेवढं दाबतो, याला व्हाइटनिंग म्हणतात. मग नको त्या फ्रिक्वेन्सी कापायच्या. दोन डिटेक्टरपैकी लिव्हिंग्स्टनच्या डिटेक्टरला लहर आधी पोचली आणि हॅनफर्डच्या डिटेक्टरला साधारण ७ मिलिसेकंदांनी, म्हणून हॅनफर्डची रेघ तेवढी सरकवून उलटी करायची आणि दुसरीवर ठेवायची. दोन्ही रेघा एकमेकींवर बसतात तेव्हा अंगावर काटा येतो, खरंच.

प्रोग्रामच्या नंतरच्या आवृत्तीत मॅच्ड फिल्टर नावाची पद्धत पण आहे आणि इथे आपलं पुणं येतं. शाळा सुटल्यावरच्या कल्लोळातही आपल्या पोराची हाक आपल्याला बरोबर कळते, कारण तो आवाज आधीच डोक्यात असतो. तसंच अपेक्षित लहरीचा आकार आधी गणिताने काढायचा आणि डेटावरून सरकवत कुठे जुळतो ते बघायचं. एकमेकांत मिसळणाऱ्या अशा जोड्यांसाठी लहरीच्या आकाराचे किती आणि कुठले नमुने लागतील यावर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ च्या आसपास पायाभूत काम केलंय, म्हणजे लहर सापडायच्या चोवीसेक वर्षं आधी.

आता कोणी म्हणेल फुकट मिळतं एवढंच ना. नाही. २०१७ मध्ये कोपनहेगनच्या नील्स बोर इन्स्टिट्यूटमधल्या एका गटाने हाच खुला डेटा घेऊन शंका काढली की दोन डिटेक्टरच्या नॉइजमध्येच, म्हणजे गोंगाटातच, काही संबंध दिसतोय. लायगोच्या एका शास्त्रज्ञाने उत्तर म्हणून चालणारं पायथॉन नोटबुकच जाहीर केलं, बघा, हिशोबात कुठे काय होतंय. पुढे लायगोबाहेरच्या लोकांनीही डेटा स्वतः तपासला आणि लहर टिकली. हाच प्रोग्राम बंद डब्यात असता तर आतलं फिल्टर नेमकं काय करतंय हे बाहेरच्याने कसं बघायचं, नुसता विश्वास ठेवायचा?

म्हणून कॉलेजात पोरांना क्रॅक मारलेलं महागडं सॉफ्टवेअर देतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. बटण कुठलं दाबायचं ते शिकतात, आत काय होतं ते उघडून बघताच येत नाही, आणि घरी सराव करायचा तर परत चोरीचीच कॉपी. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात पायथॉन आणि सायलॅब या आकडेमोडीच्या खुल्या सॉफ्टवेअरचे छोटे छोटे व्हिडिओ आहेत, मराठीतूनही, इंग्रजीला घाबरणाऱ्या पोरांना ते आवर्जून दाखवा.

आणि हे फक्त अमेरिकेपुरतं राहणार नाहीये, हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडिया उभं राहतंय, २०२३ मध्ये केंद्राने त्यासाठी सुमारे २६०० कोटी मंजूर केलेत. तिथला डेटा यायला अजून वेळ आहे. पण २०१५ ची फाइल आज डाउनलोड होते, आणि औंढ्याच्या एखाद्या कॉलेजातला जुना कॉम्प्युटर तिला आरामात पुरतो.