वेर्थरचं नाव, वर्तमानपत्रांचा पुरावा आणि किशोरांच्या कादंबऱ्या

किशोरवयातल्या मुलांनी कोणत्या कादंबऱ्या वाचाव्यात यावर वाद सुरू झाला, की 'वेर्थर इफेक्ट' हा शब्द लवकरच कानावर पडतो. दुःखाची, हिंसेची, आत्महत्येची गोष्ट वाचली की मुलं तिच्या आहारी जातात, हे जणू केव्हाच सिद्ध झालंय अशा थाटात तो वापरला जातो. कादंबरी वाचून चौदा-पंधरा वर्षांचं मूल हलतं, रडतं, रात्रभर जागं राहतं, हे खरंच आहे. पण त्यातून पुढे काय घडतं याबद्दल आज जे ठासून सांगितलं जातं, त्यातलं फार थोडं कादंबऱ्या आणि त्यांचे वाचक यांच्या अभ्यासातून आलेलं आहे.

ज्या कादंबरीवरून हे नाव पडलं ती १७७४ साली लाइपझिगमध्ये छापली गेली. पंचविशीतल्या जर्मन लेखकाने पत्रांच्या रूपात लिहिलेली, दुसऱ्याशी लग्न ठरलेल्या मुलीवर जीव जडलेल्या वेर्थरची ही गोष्ट. शेवटी तो स्वतःचा जीव घेतो. युरोपभरच्या तरुणांनी ती डोक्यावर घेतली, वेर्थरच्या निळ्या कोटाची आणि पिवळ्या बंडीची फॅशन आली. पुढच्याच वर्षी लाइपझिगच्या कारभाऱ्यांनी तिच्या विक्रीवर बंदी घातली. ती आत्महत्येची भलामण करते, अशी धर्मशास्त्राच्या अध्यापकांची तक्रार होती. १७७८ मध्ये वायमारला एक तरुणी नदीत बुडाली आणि तिच्याजवळ ही कादंबरी सापडली असं सांगितलं गेलं. अशा हकिकती पुष्कळ फिरल्या, पण मोजदाद कुणीच केली नाही. लेखकाने मात्र १७७५ च्या नव्या आवृत्तीत काही ओळी घातल्या. त्यांत वेर्थरच वाचकाला बजावतो की धीराने घे, माझ्या वाटेने येऊ नकोस. त्याच वर्षी बर्लिनच्या एका प्रकाशकाने गोष्टीचा शेवट बदलून टाकला. त्याच्या पुस्तकात वेर्थर जगतो, त्याचं त्या मुलीशी लग्न होतं, मुलंबाळं होतात. मूळ लेखक इतका चिडला की त्याने या प्रकाशकावर एक बोचरी कविता लिहिली.

'यंग अ‍ॅडल्ट' हा किशोरांच्या पुस्तकांचा वेगळा कप्पा तयार झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत, आणि त्यात ग्रंथपालांचा वाटा मोठा होता. १९५७ मध्ये त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने या वयाच्या वाचकांसाठी स्वतंत्र विभाग केला. १९६७ मध्ये 'द आउटसायडर्स' आली. ओक्लाहोमातल्या एका मुलीने ती शाळेत असतानाच लिहिली होती. गरीब पोरांच्या टोळ्या, मारामाऱ्या, मित्रांचे मृत्यू आणि घरात मोठं माणूस नसलेले तीन भाऊ, असं सगळं तिच्यात होतं. आपल्यासारख्याच मुलाचं दुःख आपल्याच वयाच्या कुणीतरी लिहिलंय, ही जाणीव वाचकांना नवी होती. चारच वर्षांनी 'गो आस्क अ‍ॅलिस' बाजारात आली. अमली पदार्थांच्या नादी लागून शेवटी मरण पावलेल्या एका निनावी मुलीची खरी डायरी म्हणून ती विकली गेली. ती एका प्रौढ बाईने लिहिली होती, हे पुढे कळलं. लाखो मुली ती खरी समजून धसकल्या होत्या. आई-वडिलांना हवा असलेला धाक बसवण्यासाठी मुलांशी खोटं बोलणारं हे पुस्तक कित्येक शाळांनी चांगलं मानलं. किशोरांच्या पुस्तकांच्या परिणामाची चर्चा करणारे या पुस्तकाबद्दल फार कमी बोलतात, याचं मला वाईट वाटतं.

आता त्या शब्दाकडे येऊ. 'वेर्थर इफेक्ट' हे नाव १९७४ सालचं आहे, म्हणजे कादंबरीनंतर बरोबर दोनशे वर्षांनी पडलेलं. एका अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९४७ ते १९६८ या काळात वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर छापलेल्या आत्महत्यांच्या बातम्या घेतल्या आणि त्यानंतरच्या महिन्यांतले मृत्यूचे आकडे तपासले. बातमी जितकी गाजली तितकी वाढ जास्त, आणि जिथे ते वर्तमानपत्र खपतं तिथे ती अधिक, असं त्याला आढळलं. काम मोलाचं होतं. फक्त त्यात एकही कादंबरी नव्हती, कादंबरीचा एकही वाचक नव्हता. खऱ्या माणसाच्या मृत्यूची, घरबसल्या लाखोंपर्यंत एकाच दिवशी पोचलेली बातमी हा त्याचा विषय होता. तिला नाव मात्र मिळालं एका कादंबरीचं. तेव्हापासून बातम्यांबद्दलचा पुरावा कादंबऱ्यांच्या नावावर जमा होत राहिला आहे.

पुढचे अभ्यासही पुस्तकांचे नव्हते. पश्चिम जर्मनीत १९८१ मध्ये एका विद्यार्थ्याच्या आत्महत्येवर सहा भागांची दूरदर्शन मालिका दाखवली गेली आणि १९८२ मध्ये पुन्हा दाखवली गेली. दोन्ही वेळी त्या विद्यार्थ्याच्या वयाच्या मुलांमध्ये तसे मृत्यू वाढल्याचं संशोधकांना दिसलं. व्हिएन्नात १९८७ मध्ये भुयारी रेल्वेतल्या आत्महत्यांच्या बातम्या संयमाने द्यायचं ठरलं आणि घटनांची संख्या झपाट्याने खाली आली. मग २०१० मध्ये ऑस्ट्रियातल्याच संशोधकांनी या सगळ्याची दुसरी बाजू पुढे आणली. ज्या बातम्यांमध्ये एखादा माणूस मरणाच्या विचारापर्यंत जाऊन सावरला असं सांगितलं होतं, त्या छापून आल्यावर मृत्यू कमी झालेले आढळले. मोझार्टच्या ऑपेरातल्या एका पात्राला तीन लहान मुलं वेळेवर अडवतात, त्याच्या नावावरून या परिणामाला 'पापागेनो' म्हणतात. म्हणजे गोष्टीत मरण आहे की नाही यापेक्षा ती कशी सांगितली जाते आणि कुठे थांबते, याला महत्त्व आहे. कादंबरीला लागू पडेल असं काही या सगळ्या शोधांत असेल तर ते हेच. पण वादांत वेर्थरचं नाव येतं, पापागेनोचं क्वचित.

२०११ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या एका मोठ्या दैनिकात लेख आला. किशोरांच्या कादंबऱ्या फार काळोख्या झाल्यात, अत्याचार, स्वतःला इजा करून घेणं, बलात्कार यांनी भरल्यात, असा त्याचा सूर होता. त्यावर हजारो वाचकांनी समाजमाध्यमांवर एकच हॅशटॅग लावून लिहिलं, या पुस्तकांनी मला वाचवलं. घरी मारहाण सोसणारी मुलं, वर्गात छळ झालेली मुलं, आपल्याला हे एकट्यालाच होतंय असं मानणारी मुलं त्यात होती. शास्त्रीय अर्थाने हा पुरावा नव्हे. पण वाचक स्वतः बोलले, आणि या वादाच्या इतिहासात असं क्वचितच घडलंय.

सगळं पेटलं ते 'थर्टीन रीझन्स व्हाय'वरून. कादंबरी २००७ ची. हायस्कूलमधली एक मुलगी मरण्याआधी कॅसेट रेकॉर्ड करून ठेवते, त्या ज्यांच्यामुळे आपण इथवर आलो असं तिला वाटतं त्यांच्याकडे एकेक करून पोचतात, आणि एक मुलगा रात्रभर गावात फिरत त्या ऐकतो. पुस्तकात तिचा मृत्यू डोळ्यांसमोर घडत नाही. गोष्ट सुरू होते तेव्हा तो होऊन गेलेला असतो. ३१ मार्च २०१७ ला तिच्यावरची मालिका आली आणि शेवटाकडे तो मृत्यू पडद्यावर उघडपणे दाखवला गेला. भारतातही ती त्याच दिवशी फोनवर होती. न्यूझीलंडच्या सरकारी वर्गीकरण कार्यालयाने तिच्यासाठी एक नवी श्रेणीच काढली, अठराच्या आतल्या मुलांनी ती पालकांसोबतच बघावी. इतर देशांत नुसते इशारे दिले गेले.

कोलोरॅडोतल्या एका शालेय जिल्ह्यात त्या वर्षी सात विद्यार्थ्यांनी जीव गमावला होता. तिथल्या एका अधिकाऱ्याने मालिकेची चर्चा ऐकून ग्रंथपालांना कळवलं की कादंबरी देणं थांबवा. ग्रंथपालांनी हरकत घेतली आणि काही तासांत ती पुन्हा कपाटात आली. आदेश काढणाऱ्याला दोष द्यावासा वाटत नाही. सात मुलं गेलेल्या गावात कोणीही आधी हाताशी लागेल ते दार लावून घेईल. पण दार लावलं गेलं ते पुस्तकाचं, आणि ज्याची भीती वाटत होती ते दृश्य पुस्तकात नव्हतं. त्या वर्षी अमेरिकी ग्रंथालयांमधून काढून टाकण्याची मागणी झालेल्या पुस्तकांच्या यादीत ही कादंबरी पहिली होती. २०१२ मध्येही ती यादीत होती, पण पहिल्या क्रमांकावर गेली ती मालिकेनंतर.

एप्रिल २०१९ मध्ये एका बालमानसोपचार पत्रिकेत आकडे छापले गेले. मालिका आली त्यानंतरच्या महिन्यात, एप्रिल २०१७ मध्ये, अमेरिकेतल्या १० ते १७ वयोगटातल्या आत्महत्या अपेक्षेपेक्षा २८.९ टक्क्यांनी जास्त होत्या. वाढ मुख्यतः मुलग्यांमध्ये होती, नायिका मुलगी असूनही, आणि मार्चमध्येही ती दिसत होती, म्हणजे मालिका यायच्या आधीच. जुलै २०१९ मध्ये निर्मात्यांनी ते सुमारे तीन मिनिटांचं दृश्य कापलं. २०२० मध्ये दुसऱ्या संशोधकाने तेच आकडे पुन्हा तपासले. आधीपासून चढत असलेला कल वजा केला तर मुलग्यांमधल्या वाढीचा दोष मालिकेला देता येत नाही, असं त्याने दाखवलं. दृश्य कापण्याचा निर्णय तरीही योग्यच होता असं माझं मत आहे, कारण त्याने गोष्टीत भर पडत नव्हती आणि धोका मात्र होता. पण त्या निर्णयाचा आधार घेऊन कादंबरी कपाटातून काढणं हे न पटणारं आहे.

मालिकेच्या दुसऱ्या सीझनवरचा एक अभ्यास फारसा कुणाला आठवत नाही. अठरा ते एकोणतीस वयाच्या प्रेक्षकांपैकी ज्यांनी तो सीझन अर्ध्यावर सोडला त्यांच्यात धोका जास्त दिसला. ज्या विद्यार्थ्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला त्यांच्यात स्वतःला इजा करणं न पाहणाऱ्या विद्यार्थ्यांपेक्षाही कमी आढळलं. घाबरून हातातलं पुस्तक हिसकावून घेणाऱ्या मोठ्यांनी हे जरूर वाचावं. आणि कादंबरीच्या दहाव्या वर्षानिमित्तच्या आवृत्तीत लेखकाने आपल्या पहिल्या खर्ड्याचा शेवट छापला. त्यात ती मुलगी जगते. हा शेवट त्याने बदलला होता. तो ठेवला असता तर काय झालं असतं यावर शिक्षकांत आजही दोन तट आहेत. जगलेल्या नायिकेच्या कॅसेट म्हणजे सूड उगवून वर सुटका, असं एक बाजू म्हणते. मेल्यावरच सगळे आपलं ऐकतील हा समज तरी पुसला गेला असता, असं दुसरी म्हणते. मला दुसऱ्या बाजूचं पारडं जड वाटतं.

चांगल्या परिणामांबद्दलही असंच जपून बोलावं लागतं. २०१३ मध्ये साहित्यिक कथा वाचल्याने दुसऱ्याच्या भावना ओळखायची क्षमता लगेच वाढते असा शोध गाजला, पण काही वर्षांत इतर प्रयोगशाळांना तो पुन्हा साधला नाही. इटलीतल्या प्राथमिक शाळेतला एक छोटा प्रयोग अधिक पटतो. मुलांना सहा आठवडे 'हॅरी पॉटर'मधले भेदभावाचे उतारे दिले गेले आणि लहान गटांत त्यावर बोलायला बसवलं गेलं. ज्यांना हॅरी आपलासा वाटला, त्यांचं परदेशातून आलेल्या मुलांबद्दलचं मत सुधारलं. वाचण्याबरोबर बोलणं हाही त्या प्रयोगाचा भाग होता.

मराठीत हा कप्पा कधी नीट भरलाच नाही. नववी-दहावीतलं मूल 'फास्टर फेणे' मिटून थेट 'मृत्युंजय' उघडतं आणि हॉस्टेलवर 'कोसला'पर्यंत पोचतं. 'श्यामची आई'चा शेवट आईच्या मृत्यूने होतो, पण ते पुस्तक घरात कुणाच्या तरी सोबत, बहुधा मोठ्याने वाचलं गेलं. 'कोसला'तली नायकाची धाकटी बहीण मनी देवीच्या साथीत जाते ती पानं मात्र सतरा-अठरा वर्षांची मुलं खोलीत एकटी वाचतात. आपल्या समीक्षेने मुलांच्या पुस्तकाला संस्कारांचं माप लावलं, पुस्तक वाचून मूल आतून काय सोसतं हे विचारलं नाही. २००४ मध्ये 'शाळा' आली आणि ती मोठ्यांच्या आठवणींची कादंबरी म्हणून वाचली गेली. नववीतल्या मुलांनी ती वाचली तेव्हा त्यांच्याशी त्याबद्दल कोण बोललं, याची नोंद कुठे नाही.

२०१९ मध्ये भारतातल्या वर्तमानपत्रांसाठी आत्महत्येच्या बातम्या देण्याची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर झाली: पद्धत सांगू नये, ठळक मथळा नको, मदतीचा पत्ता द्यावा. प्रकाशकांना तसं बंधन नाही आणि कादंबरीला ते लावूही नये. मदतीचा क्रमांक शेवटच्या पानावर छापायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. 'टेली मानस' या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा क्रमांक १४४१६ आहे, तो चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं.