पार्श्वभूमी : ‘वीस मिनिटं नो अटॅक’ आणि राहून गेलेला सराव

रिअल टाइम स्ट्रॅटेजी, म्हणजे पाळी न लावता सगळ्यांनी एकाच वेळी गाव वसवून सैन्य लढवायच्या संगणकी खेळांचा साचा १९९२ च्या ‘ड्यून २’ने पक्का केला आणि १९९८ नंतर दक्षिण कोरियात स्टारक्राफ्ट या तशाच खेळावर पोट भरणारे खेळाडू तयार झाले. विदर्भातल्या तालुक्यांपर्यंत यातलं फारसं काही आलं नाही. इथे आला तो १९९९ चा एज ऑफ एम्पायर्सचा दुसरा भाग आणि पुढच्या वर्षीची ‘कॉन्करर्स’ ही पुरवणी, तीही नागपूरच्या सीताबर्डीवरून आणलेल्या किंवा कुणाकडून तरी कॉपी करून घेतलेल्या सीडीवर. खेळ शिकवणारं कुणी नव्हतं. मोठ्या पोरांचं बघून धाकटे शिकले.

या भागातल्या खेळाडूंची घडण समजून घ्यायची तर २००५ ते २०१२ ही वर्षं बघावी लागतात. गावात बारा-बारा तास भारनियमन. घरी संगणक असला तरी लाइन कधी जाईल याचा भरवसा नाही. त्यामुळे खेळ व्हायचा तो तालुक्याच्या सायबर कॅफेत, नाहीतर पुसद, बडनेरा, शेगावच्या इंजिनीअरिंग कॉलेजांच्या हॉस्टेलवर, लॅनची वायर खोल्याखोल्यांतून ओढून. कॅफेत तासाचे पैसे आधी मोजायचे. गावाकडून एसटीने आलेल्या पोराला परतीच्या गाडीच्या आत तेवढा एकच तास मिळायचा.

याच परिस्थितीतून ‘वीस मिनिटं नो अटॅक’ हा नियम आला. पहिली वीस मिनिटं कुणी कुणावर सैन्य पाठवायचं नाही, समोरच्याचे माल गोळा करणारे गावकरी मारायचे नाहीत, समोरच्याच्या हद्दीत टॉवर बांधायचा नाही. काही ठिकाणी वीसची तीस मिनिटं झाली. सोबत सुरुवातीचा माल भरपूर ठेवायचा, म्हणजे डार्क एज हा खेळाचा पहिला टप्पा जवळजवळ खेळावाच लागायचं नाही. कुणी नियम मोडला की आख्खा कॅफे ओरडायचा, “अबे, आधी गाव तं बसू दे!”

नियमाच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं आजही खोडता येत नाही. आठव्या मिनिटाला हरलेला पोरगा उरलेला तास काय करणार? त्याचे पैसे गेले, वरून मान खाली. दोनदा असं झालं की तो येणंच बंद करतो, आणि आठ जणांचा खेळ सहावर येतो. पुढे कंपनीनेही याच मालिकेत ‘ट्रीटी’ नावाने ठरावीक वेळ हल्लाबंदीची सोय दिली, म्हणजे गरज काही आपल्याकडचीच नव्हती. विरोध करणारे, बहुतेक हॉस्टेलवाले, म्हणायचे की हा खेळच नाही, हा बांधकामाचा कार्यक्रम आहे. त्यांना ‘रशर’, म्हणजे लवकर हल्ला करणारे, म्हणून हिणवलं जाई. काही कॅफेंत तर त्यांना टीममध्ये घेत नसत.

माझ्या मते नियमाने कॅफे टिकवले आणि खेळाडू अडवले. दोन्ही खरं आहे, पण दुसऱ्याबद्दल कमी बोललं गेलं. हिशोब करून बघा. प्रमाणित सुरुवातीला तीन गावकरी आणि एक घोडेस्वार मिळतो. एक गावकरी तयार व्हायला २५ सेकंद लागतात. टाउन सेंटर (गावकरी तयार करणारी मुख्य इमारत) एक क्षणही रिकामं राहिलं नाही, तर सतरा नवे गावकरी आणि लूम (गावकऱ्यांना कणखर करणारी सुधारणा) मिळून साडेसात मिनिटं होतात. मग ५०० अन्न देऊन फ्यूडल एजचं, म्हणजे दुसऱ्या टप्प्याचं, बटण दाबायचं, त्याला आणखी १३० सेकंद. म्हणजे दहाव्या मिनिटाच्या आत समोरचा फ्यूडल एजमध्ये पोचतो आणि त्यानंतर थोड्याच वेळात त्याचे घोडेस्वार तुमच्या लाकूडतोड्यांपाशी येऊ शकतात. वीस मिनिटांच्या नियमात वाढलेल्या खेळाडूला ही दहा मिनिटं कधी कुणी तपासून दिलीच नाहीत. टाउन सेंटर दोन मिनिटं रिकामं राहिलं तरी बिघडत काहीच नव्हतं, मग चूक कळणार कशी? किल्ले, ट्रेबुशे (दगडफेकी यंत्रं), शेवटची मोठी लढाई यात आपली पोरं तयार होती. टेहळणी, तटबंदीची वेळ आणि हॉटकी (कीबोर्डवरची झटपट बटणं) मात्र कच्चे राहिले. तास कमी पडले म्हणून हे झालं, हे मला पटत नाही. कित्येकांनी शेकडो तास घातले होते.

संशोधनातही नेमका यावरच वाद आहे. बर्लिनच्या व्हायोलिनवादकांवरचा १९९३ चा अभ्यास तासांच्या आकड्यासाठी गाजला. त्यात मोजलेला सराव मात्र उणीव हेरून, ती सुधारण्यासाठी एकट्याने केलेला होता. २०१४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा बुद्धिबळासारख्या खेळांत कौशल्यातल्या फरकापैकी २६ टक्के फरक अशा सरावाने स्पष्ट होतो असं निघालं. इतर क्षेत्रांपेक्षा हा आकडा मोठा, तरी तीन चतुर्थांश भाग बाहेरच राहतो. त्याच सुमारास स्टारक्राफ्ट २ च्या तीन हजारांहून अधिक खेळाडूंचे रेकॉर्डेड गेम तपासले गेले. त्यात नवशिक्यांना आणि मुरलेल्यांना वेगळं करणाऱ्या गोष्टी एकसारख्या नसतात, पायरीगणिक बदलतात, असं दिसलं. म्हणजे तीच मोठी लढाई शंभरदा लढून पुढची पायरी येत नाही.

गेम रेकॉर्ड करायची सोय एज ऑफ एम्पायर्सच्या दुसऱ्या भागात पहिल्यापासून होती. पण दुसऱ्याच्या संगणकावर, पैसे देऊन घेतलेल्या तासात, आपलाच हरलेला डाव पुन्हा बघत कोण बसणार?

२०१६ च्या स्वस्त डेटानंतर कॅफे ओस पडले आणि बहुतेक पोट्टे मोबाइलच्या खेळांकडे गेले. जे राहिले त्यांना याच खेळाच्या २०१९ च्या ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ या नव्या आवृत्तीने पहिल्यांदा जगासमोर उभं केलं. रँक्ड, म्हणजे क्रमवारीच्या, सामन्यात सगळ्यांचा गुणांचा आकडा १००० पासून सुरू होतो, आणि कॅफेत नावाजलेल्यांचा तो भराभर खाली आला. खरा फायदा झाला तो त्यातल्या ‘आर्ट ऑफ वॉर’ या सराव-आव्हानांचा. एकच काम, वेळ लावलेली, वेळेप्रमाणे पदक. रिकाम्या टाउन सेंटरकडे आता दुर्लक्ष करता येत नाही. मात्र रँक्ड खेळायला संगणकाची चाचणी पास व्हावी लागते आणि जुने लॅपटॉप तिथेच अडतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) उड्या मारतो तो वेगळाच.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने ई-स्पोर्ट्‌सना बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली आणि ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने ते पैशांच्या जुगारी गेमपासून वेगळे काढले. घरच्यांना समजावताना याचा उपयोग होतो. तालुक्यातला जुना वाद मात्र चालूच आहे. नव्या पोराला आधी हल्लाबंदीत खेळू द्यावं, की पहिल्या दिवसापासून नुसती डार्क एजची दहा मिनिटं पुन्हा पुन्हा करून घ्यावीत? मी दुसऱ्या बाजूचा आहे. त्याला नेट लागत नाही, समोर कुणी लागत नाही, आणि लाइन गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर दोन-तीन फेऱ्या सहज होतात.