छोट्या मासेमारी बोटीला हँडल की चाक?

नवीन बोट करून घ्यायला आलेला माणूस लांबी-रुंदी सांगून झाली की हमखास म्हणतो, "आणि भाऊ, कारसारखं स्टिअरिंग लावून द्या न जी." द्यायला आमची ना नाही, त्यात आमचाच धंदा वाढतो. पण १२ ते १४ फुटांची बोट आणि १५ हॉर्सपॉवरपर्यंतचं इंजिन असेल, तर बहुतेकांना चाक नकोच असतं, मागच्या इंजिनालाच जोडलेलं हँडल पुरतं. पैसे भरण्याआधी हे पत्रक एकदा वाचा, घरात आणि मच्छीमार संस्थेत दाखवा, मग ठरवा.

आधी पाणी कोणतं ते बघा

आमचे बरेच ग्राहक भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडच्या मामा तलावांवर, म्हणजे माजी मालगुजारी तलावांवर काम करणारे. कोहळी लोकांच्या हातचे हे जुने तलाव उथळ असतात. कमळ, शिंगाडा, जलपर्णी यांची दाटी असते आणि काठाला बेशरमाची झुडपं. अशा पाण्यात इंजिनाच्या पंख्यात दर थोड्या वेळाने वेल अडकते. गिअर न्यूट्रलला आणायचा, इंजिन बंद करायचं, ते हाताने वर उचलायचं, विळ्याने वेल कापून काढायची आणि पुन्हा खाली सोडायचं. हे सगळं मागे इंजिनाजवळच करावं लागतं. चालवणारा पुढे चाकामागे बसलेला असेल, तर त्याला दर वेळी जाळ्यावरून, डब्यांवरून पाय टाकत मागे जावं लागतं. इथे हँडलच हवं, त्यात दुमत नाही.

गोसीखुर्दचं गणित वेगळं. वैनगंगेवरचा हा जलाशय लांबवर पसरलेला आहे, वारं सुटलं की लाटा उठतात, आणि जाळं टाकायच्या जागेपर्यंतच बराच वेळ इंजिन चालवावं लागतं. इतका वेळ मागे वळून हँडल धरून बसलं की खांदा आणि मान भरून येते. बोट १६ फुटांची किंवा त्याहून मोठी, इंजिन २५ हॉर्सपॉवर किंवा जास्त, आणि सोबत दोघं-तिघं असतील, तर चाकाचा विचार जरूर करा. मात्र तिथेच पाण्याखाली बुडालेल्या झाडांचे बुंधे आहेत, उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते अगदी पृष्ठभागाखाली येतात. बुंधा दिसताक्षणी बोट वळवायला हँडलसारखं दुसरं काही नाही. चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला तीन-चार फेरे लागतात.

तोतलाडोहसाठी बोट हवी म्हणून कोणी विचारलं तर आम्ही नाहीच म्हणतो. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या त्या पाण्यात मासेमारीला बंदी आहे. बाकी तलावांवर इंजिन चालवायला परवानगी लागते का, हे ज्यांच्याकडे ठेका आहे त्या संस्थेला आणि पाटबंधारे कार्यालयात आधी विचारून घ्या. नळाला पाणी पुरवणाऱ्या तलावांवर पेट्रोल इंजिन सहसा नकोच म्हणतात.

हँडल कसं चालतं

आऊटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून लावलेल्या इंजिनाला वेगळं सुकाणू नसतं. अख्खं इंजिनच वळतं आणि पंख्याचा जोर ज्या दिशेला, त्याप्रमाणे बोट वळते. म्हणून गिअर न्यूट्रलला आणला की वळवण्याची ताकदही जाते. शिकाऊ माणूस बुंधा दिसला की घाबरून न्यूट्रल करतो आणि मग सरळ जाऊन त्यावरच आदळतो. वेग कमी करा, पण थोडा जोर चालू ठेवा.

हँडल डावीकडे ढकललं की बोट उजवीकडे जाते. पहिल्या दिवशी गोंधळ होतो, संध्याकाळपर्यंत हाताला कळतं. मूठ पिळली की वेग वाढतो. म्हणजे वेग आणि दिशा दोन्ही एकाच हातात, आणि इंजिनाचं तोंड कुठे आहे ते चालवणाऱ्याला हातालाच जाणवतं. चाकावर बसलेल्याला हे मागे वळून पाहावं लागतं.

बसायचं उजव्या बाजूला, हँडल डाव्या हातात. उजवा हात जाळ्याला, बांबूला मोकळा राहतो. याला आणखी एक कारण आहे. बहुतेक पंखे मागून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात, आणि त्याच्या उलट्या धक्क्याने बोट किंचित डावीकडे कलते. तुमचं वजन उजवीकडे असलं की ती पुन्हा समतोल होते. चाक ज्यावर बसवतात ती पेटीही जगभर बहुतेक छोट्या बोटींना उजवीकडेच असते, त्यामागे हेही कारण आहे.

हँडलचा खरा धोका एकच. वेगात असताना हात सुटला, तर इंजिन एका बाजूला झटक्याने वळतं, बोट जागेवर गरकन फिरते आणि माणूस पाण्यात. रिकामी बोट मग गोल-गोल फिरत त्याच्याच अंगावर येते. त्यासाठीच इंजिनासोबत लाल गुंडाळीची दोरी येते. तिचं एक टोक इंजिनाच्या बटणाला, दुसरं मनगटाला किंवा लाइफ जॅकेटला. माणूस पडला की दोरी ओढली जाऊन इंजिन बंद पडतं. ही दोरी डब्यात ठेवायची वस्तू नाही. चाक असलेल्या बोटीलाही ती तितकीच लागते.

हँडल जड लागत असेल तर आधी घर्षणाचा स्क्रू पाहा, तो जास्त आवळलेला असतो. एकाच बाजूला ओढत असेल तर पंख्याच्या वरची छोटी पात, ट्रिम टॅब, थोडी फिरवून घ्यावी लागते. ते काम आमच्याकडे आणलं तर उभ्या-उभ्या होतं.

चाकाबरोबर काय-काय येतं

चाक म्हणजे नुसतं चाक नव्हे. पेटी, तिच्यातलं गिअरचं खोकं, मागपर्यंत जाणारी जाड केबल, शिवाय वेगाची एक आणि गिअरची एक अशा दोन केबली, त्यांचा लिव्हर, चावीचा स्विच, वायरिंग. इंजिन दोरी ओढून सुरू होणारं असेल तर ते बंद पडल्यावर मागे जावंच लागतं, मग पुढे बसण्याचा फायदा काय? म्हणजे बटण-स्टार्टचं इंजिन आलं आणि त्याला बॅटरी आली. शिवाय बऱ्याच लहान इंजिनांना चाकाची केबल जोडायची सोयच नसते. इंजिन आधी घेतलं आणि मग चाक हवं म्हणालात, तर कधीकधी हात जोडावे लागतात.

जागेचं तर विचारूच नका. १२ फुटी बोटीत मधली जागा हीच कामाची जागा. तिथे दीड-दोन फुटांची पेटी आली की उजव्या बाजूने जाळं ओढणं संपलं. जाळं डाव्या बाजूने ओढायची सवय लावता येते, पण तंगूस, म्हणजे बारीक नायलॉन धाग्याचं जाळं मोठं कपटी. ओल्या जाळ्याचा एखादा फास लिव्हरच्या गोळ्यात अडकतो, ओढणाऱ्याला वाटतं मासा लागला, तो आणखी जोर लावतो आणि लिव्हर पुढे सरकतो. इंजिन चालू असेल तर बोट पुढे उसळते आणि जाळं पंख्यात. म्हणून चाक लावलंच, तर लिव्हर पेटीच्या वर न बसवता आतल्या बाजूला, बोटीच्या कडेच्या खाली बसवून घ्या. आम्ही तसंच बसवतो.

ठरत नसेल तर एक सोपी परीक्षा आहे. बोट अंगणात जमिनीवर ठेवा, पेटी जिथे येणार तिथे फळांचं रिकामं खोकं ठेवा, आणि दोघांनी मिळून जाळं टाकायची-ओढायची, मासे डब्यात टाकायची सगळी कामं करून बघा. किती वेळा ठेच लागते ते तुमचं तुम्हाला कळेल.

हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं स्टिअरिंग या आकाराच्या बोटीला सुचवणारा माणूस तुमच्या खिशाकडे बघून बोलतोय. ते मोठ्या, जड इंजिनांसाठी.

वजन

हँडलविरुद्धची रास्त तक्रार ही: सगळं वजन मागे जातं. १५ हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन साधारण ५० किलो, चालवणारा ७०, पेट्रोलची २५ लिटरची भरलेली टाकी २० च्या आसपास. १२ फुटी बोटीच्या शेवटच्या तीन फुटांत दीडशे किलोच्या जवळपास भार. एकटा माणूस निघाला की पुढचं टोक आभाळाकडे, समोरचं दिसत नाही, आणि वाऱ्याने तोंड भलतीकडे वळतं.

उपाय चाक नाही. टाकी पुढे न्या, तिची नळी लांब घ्या. बर्फाचा डबा आणि मासळीही पुढच्या भागात ठेवा. हँडलला लांबवणारा जोड मिळतो, त्याने दोनेक फूट पुढे सरकून उभ्यानेही चालवता येतं. साधा प्लास्टिकचा पाइप ठोकून केलेला जोड मात्र नको. नागपूरच्या उन्हात तो मऊ पडतो, मुठीवर घसरतो आणि वेग तसाच राहतो.

बॅटरीवरची मोटर

गळ टाकून मरळ धरणाऱ्या हौशी मंडळींसाठी १२ व्होल्टची ट्रोलिंग मोटर छान. आवाज नाही, धूर नाही. ती मागे लावली तर हँडलने चालते. पुढच्या टोकाला लावली तर पायाच्या पेडलने, आणि दोन्ही हात गळाला मोकळे. वारा असेल तर पुढे लावलेलीच बरी, कारण ती बोटीला ओढते आणि बोट तिच्यामागे सरळ येते. मागून ढकललं की तोंड वाऱ्यावर भरकटतं.

वायरमध्ये कंजुषी करू नका. ५५ पाउंड जोराची मोटर पूर्ण वेगात ५० अँपिअरच्या आसपास ओढते. बॅटरी एका टोकाला आणि मोटर दुसऱ्या टोकाला असेल तर तांब्याची वायर किमान १६ चौरस मिलिमीटर, शक्यतो २५ ची. बॅटरीजवळ फ्यूज हवाच. घरातल्या फिटिंगची वायर लावून आणलेल्या मोटरी आम्ही परत पाठवतो.

चाक ठरलंच तर केबल

केबल डोळ्याच्या अंदाजाने मागवू नका, आम्हीही मागवत नाही. चाकाच्या मध्यापासून बोटीच्या कडेपर्यंत, कडेने मागच्या कोपऱ्यापर्यंत, आणि कोपऱ्यापासून इंजिनाच्या मध्यापर्यंत अशी तीन मापं घ्यायची. बेरजेतून प्रत्येक काटकोनी वळणासाठी ४ इंच वजा करायचे आणि उरेल ते वरच्या पूर्ण फुटाला न्यायचं. उदाहरणार्थ २०, ८० आणि ३२ इंच मिळून १३२. दोन वळणांचे ८ गेले, राहिले १२४. म्हणजे ११ फुटी केबल. वळणाची त्रिज्या ८ इंचांपेक्षा कमी झाली की चाक जड होतं आणि केबल आतून झिजते.

केबलच्या टोकाचा चकचकीत दांडा इंजिनाच्या आडव्या नळीतून आत-बाहेर सरकतो. चाकाच्या बहुतेक तक्रारी याच नळीतून येतात. बोट काही महिने छपरीत उभी राहते, जुन्या ग्रीसमध्ये धूळ बसते, उन्हाने ते सुकून डांबरासारखं होतं, आणि नवीन हंगामात चाक फिरतच नाही. मग लोक दोघं मिळून चाकाला लटकतात आणि गिअरचं खोकं तुटतं. बोट उभी करण्याआधी दांडा बाहेर काढून जुनं ग्रीस कापडाने पुसा. मग चाक फिरवून दांडा पूर्ण आत न्या आणि त्यानंतरच ग्रीस भरायच्या निपलमधून नवीन ग्रीस भरा. दांडा बाहेर असताना भरलं तर ते नळीत पुढे साचतं, आणि दांडा आत जाताना अडतो.

आपल्याकडे गोडं पाणी, त्यामुळे समुद्राच्या दर्जाचे महागडे ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे बोल्ट लागत नाहीत, ३०४ ग्रेडचं पुरतं. तो पैसा जाड ताडपत्रीत घाला. ४५ अंशांच्या उन्हात केबलच्या वरचं प्लास्टिक आधी तडकतं.

येताना काय आणायचं

बोट असेल तर मागच्या फळीची उंची, जाडी आणि रुंदी मोजून आणा. इंजिनाचा खाली पाण्यात जाणारा दांडा आखूड १५ इंची की लांब २० इंची, हे त्या उंचीवरून ठरतं. मागून आणि बाजूने एकेक फोटो, किती माणसं बसणार, जाळं कोणत्या बाजूने ओढता आणि कोणत्या तलावावर, एवढं सांगा. एकट्याने जाणारा माणूस कोण, तेही सांगा आणि जमलं तर त्यालाच सोबत आणा, त्याच्या हाताच्या लांबीवर बैठक बसवता येते. इंजिन अजून घेतलं नसेल तर ते घेण्याआधी या.