सभा वकिलाची की न्यायाधीशाची?

भाचा सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करतो. परवा चहाला आला तेव्हा सहज विचारलं, "पुणे सार्वजनिक सभा कोणी काढली रे?"

"न्यायमूर्ती रानडे," कप खाली न ठेवताच उत्तर आलं.

साफ चूक. पण निम्मं पुणं हीच चूक करतं, तेव्हा एकट्या त्यालाच काय बोलायचं!

लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणारी ही सभा काढली गणेश वासुदेव जोशी यांनी, २ एप्रिल १८७० रोजी. पेशानं वकील. सभेपायी लोक त्यांना 'सार्वजनिक काका' म्हणायला लागले. महादेव गोविंद रानडे पुण्यात आले १८७१ मध्ये, दुय्यम न्यायाधीश होऊन. म्हणजे ते आले तेव्हा सभेचं बारसं होऊन गेलं होतं. आणि 'न्यायमूर्ती' हे आपण सरसकट लावतो तेही घाईचंच. हायकोर्टाचे न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या निधनानंतर १८९३ मध्ये रानडे मुंबई हायकोर्टात गेले, तेव्हा कुठे ते न्यायमूर्ती झाले. सार्वजनिक सभेच्या भराच्या काळातले रानडे हे खालच्या कोर्टातले सरकारी नोकर होते. सगळी गोम या 'सरकारी नोकर'मध्ये आहे.

आधी काका. पर्वती संस्थानच्या, म्हणजे पर्वतीवरच्या देवस्थानाच्या, कारभाराबद्दल गावात कुरकुर होती, सभेचं निमित्त ते. पण वकिलाचा हात दिसतो तो सभेच्या नियमात. सभासद व्हायचं तर किमान ५० सज्ञान माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणायचं. कोर्टात वकीलपत्र दाखल केल्याशिवाय अशिलासाठी उभं राहता येत नाही, तसंच हे. सरकारनं 'तुम्ही कोणाच्या वतीनं बोलता?' असं विचारलं, तर कागद तयार. सुरुवातीच्या ९५ सभासदांमागे सुमारे ६,००० लोक होते. मतदान, मतदारसंघ वगैरे शब्द रोजच्या बोलण्यात नव्हते तेव्हाची ही गोष्ट. मला तरी काकांची ही सर्वांत मोठी करामत वाटते. १८७७ च्या दिल्ली दरबारात ते हातच्या सुताची खादी घालून सभेचं मानपत्र घेऊन गेले आणि ब्रिटिश प्रजेच्या बरोबरीचा दर्जा मागून आले. त्याच्या गोष्टी जास्त सांगितल्या जातात, पण त्या दरबारात उभं राहण्याचं बळ या मुखत्यारपत्रांतूनच आलेलं होतं.

रानड्यांचं काम पडद्याआडचं. सरकारचा पगार घेणारा न्यायाधीश सरकारकडे जाणाऱ्या अर्जाखाली सही कशी करणार? म्हणून अर्जांची मांडणी, आकडे, युक्तिवाद यांमागे डोकं त्यांचं आणि पुढे नाव दुसऱ्यांचं. १८७८ मध्ये सभेचं इंग्रजी त्रैमासिक निघालं, त्यातही त्यांचं पुष्कळसं लेखन बिननावी आहे. सभा रानड्यांचीच, असा समज होतो तो इथून. विचार त्यांचा ओळखू येतो आणि मग जन्मही त्यांच्याच नावावर टाकला जातो.

दोघांच्या जागांमधला फरक बघायचा तर १८७९ साल घ्यावं. वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड सुरू होतं. मे महिन्यात पुण्यातले पेशव्यांचे बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा पेटले. रानड्यांची व्याख्यानं फडक्यांनी ऐकलेली. तेवढंही सरकारला संशयाला पुरलं. रानड्यांची धुळ्याला बदली झाली आणि तिथं त्यांचं टपाल फोडून वाचलं जाऊ लागलं. न्यायाधीशानं यावर करायचं काय? गपचूप रुजू व्हायचं, हाताखालची कामं चोख करायची. ते त्यांनी केलं.

पुढे फडके पकडले गेले आणि पुण्याच्या सेशन्स कोर्टात खटला उभा राहिला. बंडवाल्याचा बचाव करायला उभे राहिले सार्वजनिक काका. ज्या नावाच्या नुसत्या संशयावरून न्यायाधीशाची पत्रं फोडली जात होती, त्याच माणसाचं वकीलपत्र काकांनी उघडपणे घेतलं. सनदी वकिलाचा तो धंदाच आहे, असं म्हणता येतं. पण त्या वर्षीच्या पुण्यात तो करायला छाती लागत होती. शिक्षा टळली नाही. जन्मठेप होऊन फडक्यांची रवानगी एडनला झाली. संगम पुलाजवळ सीआयडीच्या आवारात त्यांचं स्मारक आहे. काका पुढच्याच वर्षी, जुलै १८८० मध्ये गेले.

भाच्याला हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, "मामा, पर्यायात दोन्ही नावं असली तर?"

साल बघायचं, एवढंच. १८७० असेल तर जोशी. पण टिळकांच्या पक्षानं १८९५ मध्ये सार्वजनिक सभा ताब्यात घेतल्यावर रानड्यांनी पुढच्या वर्षी खरोखरच एक सभा काढली होती, डेक्कन सभा. प्रश्नात १८९६ दिसलं, की रानड्यांचा गोल खुशाल रंगवावा.