सहा सेकंदांची सूट कुठल्याच कायद्यात नाही

‘दुसऱ्याच्या गाण्यातला सहा सेकंदांपेक्षा छोटा तुकडा उचलला तर कॉपीराइट लागत नाही,’ असं हिप-हॉप बीट, म्हणजे रॅपखालचं संगीत, बनवणाऱ्या पोरांना वर्षानुवर्षं सांगितलं जातंय. हे साफ खोटं आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सेकंदांची अशी सूटच नाही. अमेरिकेत फंकाडेलिक या बँडच्या गाण्यातला दोन सेकंदांचा गिटारचा तुकडा सूर खाली उतरवून, लूप करून (म्हणजे पुन्हा पुन्हा जोडून) १६ मात्रांपर्यंत ताणला होता. तरीही २००५ मध्ये अपील कोर्टाने परवाना हवाच, असं ठरवलं. २०१६ मध्ये तिथल्याच दुसऱ्या अपील कोर्टाने पाव सेकंदाहूनही छोटा हॉर्नचा (फुंकून वाजवायच्या वाद्यांचा) तुकडा मात्र क्षुल्लक मानला, म्हणजे त्यात उल्लंघन धरलं नाही. अशा भांडणात पडायचंच कशाला? किक आणि स्नेअर हे ड्रमचे ठोके, बेसलाइन म्हणजे खालच्या सुरांची ओळ, हे सगळं स्वतः रचा. ढोलकीचा ठेका घरी मोबाइलवर रेकॉर्ड करून कापा. तयार लूप घेतलाच, तर त्याचा परवाना आधी वाचा.