हिमनग उलटतो तेव्हा जमीन हलते
पाच तीव्रतेचा भूकंप होतो, तो जगभरातल्या भूकंपमापकांवर उमटतो, तरी नोंदवहीत चढत नाही. ग्रीनलंडबाबत वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. नेहमीच्या भूकंपात खडक झटक्यात सरकतो, त्याच्या जलद लहरी ठळक दिसतात आणि शोधयंत्रणा त्यांच्यावरच बेतलेली असते. ग्रीनलंडहून येणाऱ्या लहरी मात्र संथ. एकेक हेलकावा 35 सेकंदांहून लांब. अमेरिकेतले योरान एकस्ट्रॉम, मेरेडिथ नेटल्स आणि सहकाऱ्यांनी जुन्या नोंदींत याच संथ लहरी मुद्दाम शोधल्या आणि 2003 मध्ये हे ‘हिमनदी-भूकंप’ जगापुढे आले. पुढे 1993 ते 2005 या काळातले ग्रीनलंडचे असे 182 भूकंप सापडले. ते उन्हाळ्याच्या अखेरीस जास्त होतात, आणि 2002 नंतर त्यांचं प्रमाण दुपटीवर गेलं होतं.

हिमनदी वितळपाण्यावरून अचानक घसरत असावी, असा पहिला अंदाज होता. तर्क चांगला होता, पण टिकला नाही.

2013 च्या उन्हाळ्यात ब्रिटनच्या स्वान्सी विद्यापीठातल्या टॅव्ही मरे यांच्या गटाने पूर्व ग्रीनलंडमधल्या हेल्हाइम हिमनदीवर, अगदी तुटत्या कड्याजवळ जीपीएस यंत्रं बसवली. ही नदी दिवसाला वीस मीटरहून जास्त समुद्राकडे सरकते. कडा तुटताना मात्र तिचं टोक काही मिनिटं चक्क मागे गेलं आणि खालीही दबलं! तुटलेला तुकडा शेकडो मीटर उंच, पण त्या मानाने अरुंद असतो. त्याला उभं राहता येत नाही, तो कलंडतो आणि कलंडताना हिमनदीला मागे रेटतो. त्याच्या पाठीमागे पाण्याचा दाब घटतो. त्यामुळे बर्फाचं टोक खाली ओढलं जातं, तर तळाची जमीन वर. असा एकेक तुकडा शंभर कोटी टनांच्या घरातला, म्हणजे साधारण एक घन किलोमीटर बर्फ.

ध्रुवीय रात्रीत कॅमेऱ्याचे उपग्रह आंधळे होतात, ढगांतूनही त्यांना दिसत नाही. भूकंपमापकाला दोन्हींची पर्वा नाही. घटना नेमकी कोणत्या क्षणी घडली, ते तो सांगतो. ग्रीनलंड आणि आसपासच्या 33 केंद्रांचं जाळं आता याच कामाला जुंपलेलं आहे.

छोट्या पडझडीचं तंत्र निराळं. अलास्कातल्या याट्सी हिमनदीवर दिसलं, की तिथली कंपनं मुख्यतः बर्फ पाण्यावर आदळल्याने उठतात, सेकंदाला एक ते पाच हेलकावे या वेगाने.

पण माझ्या मते भूकंपमापकाला तराजू समजण्याची घाई नको. भूकंप मोठा म्हणजे तुकडाही तेवढाच मोठा, असं सरळ गणित नाही. तो कसा कलंडला, यावर बरंच ठरतं. रुंद, सपाट हिमनग तर न उलटताच तरंगत निघून जातो. ग्रीनलंडमधल्याच पीटरमन हिमनदीचा ऑगस्ट 2010 मध्ये सुटलेला सुमारे 260 चौरस किलोमीटरचा तुकडा याच जातीचा. त्याचा माग उपग्रहांनीच काढला.