वरच्या मजल्याचं व्याज

भुसावळमध्ये रेल्वेतून किंवा ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेल्या माणसाचं घर रस्त्यावरूनच ओळखू येतं. खाली स्वतः राहायचं. जिना बाहेरून काढलेला, म्हणजे भाडेकरूची ये-जा आपल्या ओसरीतून नको. वरच्याचा सबमीटर वेगळा. आणि गच्चीवर कॉलमच्या सळया तशाच उभ्या सोडलेल्या, मुलाला नोकरी लागली की आणखी एक मजला चढवायला. जळगावच्या कॉलन्यांत आणि धुळ्याच्या देवपुरात हेच चित्र दिसतं. खानदेशातला घरमालक म्हणजे बहुतेकदा असा एका मजल्याचा मालक. पैसा फंडाचा, ग्रॅच्युइटीचा, कमी पडला तर पतसंस्थेचा. मे महिन्यात वरचा मजला भट्टीसारखा तापतो, त्यामुळे भाडंही बेताचंच.

आयकर मोजताना या भाड्यातून घराच्या कर्जाचं व्याज वजा करायची सोय जुनी आहे. १९२२च्या आयकर कायद्यातच घर गहाण असेल तर त्या गहाणाचं व्याज भाड्याच्या उत्पन्नातून वजा होत असे. दुरुस्तीपोटी एक-षष्ठांश रक्कमही सुटायची. १९६१च्या कायद्याने हीच चौकट कलम २४ मध्ये आणली: दुरुस्ती, विमा, भाडेवसुलीचा खर्च, रिकाम्या महिन्यांचं नुकसान, अशी लांबलचक यादी. त्या काळात जुन्या पेठांतल्या वाड्यांना १९४७चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा लागू होता. भाडं गोठलेलं, घर बापजाद्यांचं, डोक्यावर कर्ज नाही. व्याजाचा प्रश्न उठतच नव्हता.

तो उठला १९९९नंतर. स्वतः राहत्या घराच्या कर्जावरच्या व्याजाची वजावट तोवर ३०,००० रुपयांवर अडकली होती. तेव्हाचे अर्थमंत्री यशवंत सिन्हांनी ती आधी ७५,०००, मग एक लाख आणि २००१मध्ये दीड लाखावर नेली. २०१४मध्ये अरुण जेटलींनी दोन लाख केली. भाड्याने दिलेल्या घराला मात्र अशी मर्यादाच नव्हती. जेवढं व्याज, तेवढं सगळं वजा. २००१च्याच अर्थसंकल्पाने कलम २४ची जुनी यादी मोडून दोनच बाबी ठेवल्या: सरसकट ३० टक्के आणि कर्जाचं व्याज. ३० टक्क्यांना पावती लागत नाही, रंग काढा किंवा काढू नका. कायदा ‘कर्जाऊ भांडवल’ एवढंच म्हणतो, ते बँकेचंच हवं अशी अट नाही. म्हणजे पतसंस्थेचं व्याज चालतं, मेहुण्याकडून घेतलेल्या रकमेचंही चालतं, कागद मात्र हवा. मेहुण्याकडे व्याजाचा दाखला मागायची हिंमत कोण करतो, ते सोडा.

याच काळात खानदेशात दुसऱ्या प्रकारचा घरमालक तयार झाला: प्राध्यापक, बँकेतला अधिकारी, पुण्यात आयटीत असलेला मुलगा. हे फ्लॅट घेत होते भाड्यासाठी कमी आणि करासाठी जास्त. हिशेब मांडून बघू. ४० लाखांचं कर्ज, ९ टक्के दर, म्हणजे पहिल्या वर्षी साधारण ३,६०,००० रुपये व्याज. भाडं महिना ९,०००, वर्षाचे १,०८,०००. घरपट्टी ६,००० भरली, उरले १,०२,०००. त्यातून ३० टक्के गेले की ७१,४००. त्यातून व्याज वजा केलं की तोटा २,८८,६००. हा अख्खा तोटा पगारातून वजा व्हायचा. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे ८६,५८० रुपये वाचायचे, उपकर वेगळा. वर्षाचं भाडं आणि वाचलेला कर शेजारी ठेवून बघा. फ्लॅटचा दुसरा भाडेकरू आयकर खातंच होतं म्हणायचं.

२०१७च्या अर्थसंकल्पाने हे आवरलं. कलम ७१मध्ये नवं पोटकलम आलं: घराचा तोटा इतर उत्पन्नातून वर्षाला दोन लाखांपर्यंतच वजा होईल. वरच्या उदाहरणातले ८८,६०० बाजूला पडले. ते पुढची आठ वर्षं ओढता येतात, पण फक्त घरभाड्याच्या उत्पन्नासमोर. जिथे दरवर्षी तोटाच आहे, तिथे ते कशासमोर वजा करणार? पगारदाराच्या दुसऱ्या घराचा भार बाकीच्या करदात्यांनी का उचलायचा, हा सरकारचा सवाल मला तरी गैर वाटत नाही. पण आधी कर्ज घेऊन बसलेल्यांनाही तीच मर्यादा लावली, हे टोचलं.

गंमत अशी, की याच सुमारास ब्रिटनमधले घरमालकही ‘सेक्शन २४’च्या नावाने बोटं मोडत होते. आकडा तोच, कायदा तिकडचा. जुलै २०१५मध्ये तिथले तेव्हाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी जाहीर केलेला हा बदल एप्रिल २०१७पासून टप्प्याटप्प्याने आला आणि एप्रिल २०२०पासून पूर्ण लागू झाला. तिथे भाड्यातून व्याज वजा करणंच बंद झालं. त्याऐवजी व्याजाच्या २० टक्के एवढी करात सूट. भाडं १०,००० पौंड, व्याज ९,००० असेल तर हातात उरतात १,०००. पण ४० टक्क्यांच्या टप्प्यातल्या मालकाचा कर निघतो ४,०००, त्यातून १,८०० सूट, म्हणजे २,२००. कमाईपेक्षा कर जास्त. आपल्याकडे गोष्ट इतक्या थराला गेलेली नाही. भाड्यातून व्याज आजही वजा होतं. अडवलं आहे ते पगारात शिरणारा तोटा.

नवीन करप्रणालीत (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत) तर तो शिरतच नाही. २०२०मध्ये ती ऐच्छिक होती, २०२३-२४पासून वेगळं काही निवडलं नाही तर आपोआप लागू होणारी झाली. तिच्यात राहत्या घराच्या व्याजाला वजावट नाही, आणि भाड्याच्या घराचा तोटा पगारातून रुपयानेही वजा होत नाही. ‘जुनी बरी की नवी, भाऊ?’ या प्रश्नाचं उत्तर आता बऱ्याचदा गृहकर्जाच्या व्याजावर ठरतं.

कॉलेजच्या पोरांना खोल्या देणाऱ्यांना आणखी एक फटका बसला. काही जण हे भाडं धंद्याचं उत्पन्न दाखवून प्रत्यक्ष खर्च वजा करत. २०२४च्या अर्थसंकल्पाने राहण्यासाठी दिलेल्या घराचं भाडं फक्त घराच्या उत्पन्नातच दाखवायचं, असं ठरवून टाकलं.

भुसावळच्या त्या निवृत्त आप्पांना यातलं फारसं काही लागलं नाही. कर्ज लहान, भाड्यापुढे व्याज कमी, तोटा कधी झालाच नाही. अडकले ते फ्लॅटवाले. २०१७-१८मध्ये ज्यांचा तोटा पहिल्यांदा बाजूला पडला, त्यांची आठ वर्षं २०२५-२६च्या रिटर्नबरोबर संपतात. १९६१चा कायदाही त्याच वर्षापर्यंतचा. १ एप्रिल २०२६पासून २०२५चा नवा कायदा लागू, आणि घराच्या वजावटींचं कलम आता २२.